मानमोडी, टिलीमिली आणि एक आठवडा

माझे आजोबा दुसरीत दोनदा बसले आणि माझी नात चौथीत एकदाही बसली नाही. मधे शंभर वर्षांचं अंतर. कारण मात्र एकच, साथ.

आजोबा काही नापास झाले नव्हते. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका खेड्यात त्यांचं लहानपण गेलं. १९१८ साली तिथे 'मानमोडी' आली. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीला आपल्याकडे लोक हेच नाव देत. माणूस तापाने फणफणायचा, मान टाकायचा आणि दोन-चार दिवसांत जायचा. आजोबा सांगायचे, "शाळा बंद झाली. दिवाळीनंतर गेलो तर गुरुजीच राहिले नव्हते. नवे यायला वर्ष लागलं. मग पुन्हा दुसरीतच बसलो." बस्स, एवढंच! हे सांगून ते सुपारी कातरायला लागायचे.

आता मी इतिहास शिकवण्यात एकतीस वर्षं घालवली. पानिपत शिकवलं, पहिलं महायुद्ध शिकवलं, व्हर्सायच्या तहाची कलमं मुलांकडून घोकून घेतली. पण घरात बसलेल्या त्या जिवंत साक्षीदाराला मी कधी विचारलं नाही, की आबा, त्या दिवसांत तुम्ही करत काय होता हो? पाटी होती का? कोणी शिकवलं का? गुरुजींचं नाव काय होतं? आजोबा १९९० साली गेले आणि तो धडा त्यांच्याबरोबरच गेला.

म्हणून २०२० च्या जुलैमध्ये मी ठरवलं की निदान एक आठवडा तरी नीट लिहून ठेवायचा. सोमवार २० जुलै ते शनिवार २५ जुलै. हे त्याच वहीवरून लिहिते आहे. वहीत जसं आहे तसंच सांगणार आहे, माझ्या बाजूने फारसं चांगलं नसलं तरी.

आधी थोडं १९१८ बद्दल. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत हा ताप दिसला. पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली आणि ती रेल्वेच्या रुळांवरून देशभर धावली. नागपूर तर दोन मोठ्या रेल्वेमार्गांच्या सांध्यावर. त्यात त्या वर्षी पाऊस रुसलेला, धान्य महाग, माणसं आधीच अर्धपोटी. देशात सर्वांत जास्त माणसं गमावणाऱ्या प्रांतांत आपला मध्यप्रांत-वऱ्हाड होता. हिंदुस्थानात एकूण किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की ज्यात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्यामागचं सर्वांत मोठं कारण ही मानमोडी.

हे सगळं पुस्तकांत आहे. त्या पुस्तकांत पोरांची शाळा मात्र सापडत नाही. असं का, याचा मी बराच विचार केला. उत्तर साधं आहे. १९२१ च्या जनगणनेत शंभरातली जेमतेम सात माणसं साक्षर होती. मध्यप्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला तोच १९२० साली. म्हणजे बहुतेक मुलांसाठी बंद व्हायला शाळाच नव्हती! माझे आजोबा भाग्यवान म्हणायचे. त्यांचं निदान एक वर्ष तरी बुडालं. बाकीच्यांचं काय बुडालं हे मोजायला मापच नव्हतं.

२०२० साली तसं नव्हतं. शिक्षणहक्काचा कायदा येऊन दहा वर्षं झाली होती. जवळजवळ प्रत्येक मुलाचं नाव कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हजेरीपटावर होतं. भारतात अशी चोवीस कोटींहून अधिक मुलं एकाच वेळी घरी बसली. जगभरात दीडशे कोटींवर. माणसाच्या इतिहासात इतक्या शाळा एकदम कधी बंद झाल्या नव्हत्या, कारण इतक्या शाळा आधी कधी नव्हत्याच.

आता हुडकेश्वर. नागपूरच्या बाहेरच्यांना सांगायला हवं, की शहराच्या दक्षिणेला मानेवाडा, म्हाळगीनगर ओलांडून पुढे आलं की आमची वस्ती लागते. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा इथे ग्रामपंचायत होती आणि रात्री बेडकांचा आवाज यायचा. "इतक्या लांब कशाला जाऊन राहिले वो?" असं सीताबर्डीकडचे नातेवाईक विचारायचे. २०१३ मध्ये हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत आलं. तेव्हापासून बांधकामं थांबलेली नाहीत. आमच्या समोरच्या प्लॉटवरही एक तीन मजली सांगाडा उभा होता. लॉकडाऊनमध्ये काम बंद पडलं. मजूर गेले. राहिलं ते चौकीदाराचं कुटुंब, भंडारा जिल्ह्यातलं. नवरा, बायको, एक तान्हं बाळ आणि एक मुलगी. ती मुलगी माझ्या नातीएवढीच, चौथीत गेलेली. जवळच्या एका सरकारी शाळेत तिचं नाव होतं.

नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला आणि त्याच आठवड्यात शाळांना टाळं लागलं. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या, सगळी मुलं वरच्या वर्गात गेली. विदर्भात उन्हामुळे शाळा २६ जूनला उघडायच्या. त्या वर्षी तारीख आली आणि गेली. नातीच्या शाळेचा रोज पाऊण तासाचा वर्ग मोबाईलवर चालायचा. अर्धा वेळ "बाई, आवाज येत नाही" यातच जायचा. तेवढ्यात बातमी आली की सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून 'टिलीमिली' नावाची मालिका सुरू होणार आहे. पहिली ते आठवीचा अभ्यास, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेला, रविवार सोडून रोज. प्रत्येक इयत्तेचे साठ भाग, म्हणजे एकूण चारशे ऐंशी. इंटरनेट नको, मोबाईल नको, साधा टीव्ही पुरे. मला मनापासून आनंद झाला. एखादी गोष्ट सरळ आणि स्वस्त असली की मास्तरीण बाईला बरं वाटतंच!

सोमवार. दीप अमावास्या होती. मी सकाळी दिवे घासून ठेवले आणि आम्ही दोघी टीव्हीपुढे बसलो. नातीने खेळ म्हणून वहीच्या मागच्या पानावर हजेरीपट आखला. विद्यार्थी एक, तीच. मी शिक्षिका. कार्यक्रम छान होता. घरातल्याच वस्तू घ्या, मोजा, करून पाहा, असा. नातीने स्वयंपाकघरातले सगळे डबे हॉलमध्ये आणले. मधेच माझं लक्ष खिडकीकडे गेलं. कंपाउंडच्या जाळीला धरून चौकीदाराची मुलगी उभी होती. तिला चित्र दिसत होतं, आवाज पोचत नसावा. कार्यक्रम संपेपर्यंत ती हलली नाही.

मंगळवार. श्रावण लागला. ती पुन्हा आली. नात म्हणाली, "आजी, तिलाही दाखव ना." मी टीव्हीचं टेबल खिडकीकडे फिरवलं, खिडकी सताड उघडली आणि तिला व्हरांड्यात सतरंजी टाकून दिली. आत नात, बाहेर ती, मधे खिडकीचे गज. दोघींच्या तोंडाला रुमाल. हजेरीपटावर दुसरं नाव चढलं. मी दोघींना पाढे विचारले. बाराचा पाढा नात अडखळत म्हणाली. त्या मुलीने एका दमात म्हटला. "कुठे शिकलीस गं?" तर म्हणे, "बाबा विटा मोजतात नं, तवा."

बुधवार. ती वेळेआधी दहा मिनिटं येऊन बसली होती, केस विंचरून, शाळेचा गणवेश घालून. गणवेश आखूड झाला होता. मार्चनंतर पहिल्यांदा घातला असणार. तिच्याकडे वही नव्हती. नातीने आपल्या दोनशेपानीतली मधली पानं पिना काढून सोडवली आणि तिला दिली. त्या दिवशी मी टीव्ही बंद झाल्यावरही अर्धा तास शिकवलं. चौथीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवरायांचा इतिहास असतो, तो माझा हातखंडा विषय. निवृत्तीनंतर सात वर्षांनी समोर वर्ग होता. दोन मुलींचा, पण वर्ग!

त्या रात्री मी फार खुशीत होते आणि खुशीत असले की मी वाचत बसते. तेव्हा एक जुनी हकीकत पुन्हा वाचली. १९३७ साली अमेरिकेत शिकागो शहरात पोलिओची साथ आली आणि सप्टेंबरमध्ये शाळा उघडू शकल्या नाहीत. तेव्हा तिथल्या शाळाखात्याने रेडिओवरून धडे द्यायला सुरुवात केली. तिसरी ते आठवीची तीन लाखांवर मुलं. वर्तमानपत्रात रोज वेळापत्रक आणि प्रश्न छापून यायचे, रेडिओवर पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ. काही आठवडे हे चाललं. आपण मोठा नवा शोध लावला असं वाटत असतं आणि इतिहासात तो आधीच लागलेला असतो. पण तेव्हाही एक प्रश्न उरलाच होता: ज्यांच्या घरी रेडिओ नाही, त्यांचं काय?

आपल्याकडे या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर एकदा देऊन झालं होतं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहावरून शिक्षण देण्याचा 'साइट' नावाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे चोवीसशे खेडी. प्रत्येक गावात एक टीव्ही, सगळ्या गावाचा. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण गावाचा एक टीव्ही ही कल्पना आपल्या पिढीला नवी नाही. १९८७ मध्ये 'रामायण' लागायचं तेव्हा आमच्या जुन्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता आणि तिथे चाळीस माणसं मावायची. ज्याच्याकडे नाही त्याने ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात जाऊन बसायचं. यात उपकार नव्हते, रीतच होती ती.

मंडळी, साथीच्या रोगाचं खरं दुष्टपण मला त्या रात्री कळायला हवं होतं. ते दुसऱ्या दिवशी कळलं.

गुरुवार. आमच्या मागच्या दुसऱ्या गल्लीत रुग्ण निघाला. सकाळीच पत्रे लागले, फवारणीवाले आले. माझा मुलगा घरून काम करत होता. तो खोलीबाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "आई, तुला मधुमेह आहे. ते वर्ग बंद कर." मी म्हटलं, ती बाहेर बसते. तो म्हणाला, "तिचे बाबा रोज किराण्याच्या दुकानात जातात. कोण कुठून काय आणेल, सांगता येतं का?" त्याचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. त्याला आईची काळजी होती. पण मीही फार वाद घातला नाही. आणि का घातला नाही, हे लिहिण्यासाठीच खरं तर हे सगळं लिहिते आहे. मी घाबरले होते. मी गेटपर्यंत गेले आणि तिच्या आईला सांगितलं, "आता काही दिवस नको पाठवू गं हिला." ती म्हणाली, "हो मॅडम, तुमचं बराबर आहे." एका शब्दाने तिने विचारलं नाही. मुलगी गणवेश घालून मागे उभी होती.

शुक्रवार. ती आमच्या जाळीपाशी आली नाही. समोर, आपल्या बांधकामाच्या पहिल्या मजल्यावर, पायऱ्यांना कठडे नसलेल्या त्या सांगाड्यात उभी राहून पाहत होती. तिथून टीव्ही दिसत असेल असं वाटत नाही. नातीने काही न बोलता रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. इतका की मुलगा पुन्हा बाहेर आला. त्याने एकदा खिडकीबाहेर पाहिलं आणि काही न बोलता आत गेला.

शनिवार. नागपंचमी होती आणि शहरात दोन दिवसांचा जनता कर्फ्यू. रस्त्यावर चिटपाखरू नाही. टीव्हीचा वर्ग मात्र होता. संपल्यावर नातीने आठवड्याचा हजेरीपट भरला आणि माझ्यासमोर धरला. स्वतःच्या नावापुढे सहा वेळा 'हजर'. त्या मुलीच्या नावापुढे सोमवारी रेघ, मग दोन 'हजर', आणि पुढच्या तीन घरांत काहीच नाही. "आजी, इथे काय लिहू? गैरहजर?"

एकतीस वर्षं मी हजेरी घेतली. किती नावांपुढे 'गै' लिहिलं असेन, मोजदाद नाही. कापूस वेचायला गेलेल्या मुली, लहान भावाला सांभाळायला घरी राहिलेल्या मुली. मी कधी थांबले नाही. एक अक्षर लिहायचं आणि पुढचं नाव घ्यायचं. त्या दिवशी मात्र मला उत्तर देता येईना. 'गैरहजर' म्हणजे आली नाही. ती तर आली होती. तिला मी येऊ दिलं नव्हतं. त्यासाठी हजेरीपटात खूण नाही.

मी म्हटलं, "राहू दे मोकळं."

पुढच्या आठवड्यात ते कुटुंब गावी निघून गेलं. धानाची रोवणी सुरू झाली होती, इथे काम नव्हतं. त्या वर्षी मारबतीची मिरवणूकही निघाली नाही. रोगराईला गावाबाहेर घालवण्याची नागपूरची एवढी जुनी प्रथा, ती रोगराईनेच थांबवली. पुढे कधीतरी बांधकाम पुन्हा सुरू झालं, पण चौकीदार दुसरा आला. त्या मुलीचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.

नात २०२१ मध्ये परीक्षा न देताच पाचवीत गेली. शहरांत पहिली ते सातवीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ पासून राज्य सरकारने परवानगी दिली, तेव्हा ती पाचवीचं अर्धं वर्ष संपवून बसली होती. चौथीचा वर्ग आतून कसा दिसतो हे तिला ठाऊकच नाही. पण ती वाचते, लिहिते, छान चाललंय तिचं. घरात टीव्ही होता, मोबाईल होता आणि एक रिकामटेकडी मास्तरीण होती.

सगळ्यांचं तसं नव्हतं. 'असर'च्या पाहणीनुसार २०१८ मध्ये ग्रामीण भारतात तिसरीतल्या शंभरातल्या सुमारे सत्तावीस मुलांना दुसरीचा धडा वाचता यायचा. २०२२ मध्ये हा आकडा वीसवर आला. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसते. शाळेत नाव नसलेल्या मुलांचं प्रमाण याच काळात वाढलं नाही, उलट घटलं, २.८ टक्क्यांवरून १.६ वर. म्हणजे लोकांनी मुलांना शाळेतून काढलं नाही. पोटाला चिमटा काढून नाव टिकवून ठेवलं. १९१८ आणि २०२० मधला खरा फरक मला इथे दिसतो. शंभर वर्षांपूर्वी बहुतेक घरांना शाळा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. या वेळी चौकीदाराची मुलगी गणवेश घालून खिडकीबाहेर बसत होती. शाळा आपली आहे, हे तिला माहीत होतं. आमचं दार तेवढं बंद होतं.

पुष्कळ वेळा वाटतं, तेव्हा मी काय करू शकले असते? टीव्ही उचलून व्हरांड्यात ठेवता आला असता. मी आत बसले असते, पोरींना बाहेर लांब लांब बसवलं असतं. वही देऊन रोज दोन पानं अभ्यास गेटवर अडकवता आला असता. हे सगळं नंतर सुचलं. भीती वाटत असताना माणसाला दारं बंद करणं तेवढं सुचतं, खिडक्या सुचत नाहीत. सावित्रीबाई प्लेगच्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच प्लेगने १० मार्च १८९७ ला वारल्या, हे मी दर वर्षी वर्गात सांगत असे. भारावून सांगत असे. त्यांच्याशी स्वतःची तुलना करण्याचा गाढवपणा मी करणार नाही. पण तो धडा शिकवणं किती सोपं होतं, हे मला एका गुरुवारी कळलं.

असो. वही माझ्याकडे आहे. नात आता मोठी झाली, तिला त्या हजेरीपटाचं हसू येतं. मधली पानं काढून दिल्यामुळे वही जरा ढिली झाली आहे, म्हणून दोरा बांधून ठेवली आहे.

तुमच्या घरी कोणी ऐंशी-नव्वदीचं असेल, तर त्यांना जाऊन विचारा. त्यांच्या लहानपणी देवी आल्या असतील, पटकी आली असेल. तेव्हा त्यांची शाळा कोणी घेतली, शेजारी कोण बसायचं आणि त्या शेजारणीचं पुढे काय झालं. आणि तुमच्या घरी २०२० साली चौथीत 'नसलेलं' कोणी असेल, तर त्यालाही विचारा. आजोबांना विचारायचं माझं राहून गेलं. त्यांच्या गुरुजींचं नाव मला आजही माहीत नाही.

आणि त्या मुलीचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. हजेरीपटात आहे. पुढची तीन घरं मोकळी आहेत.